बिनपावडरचा फोटो

इचोड्यात पावडर दोन ठिकाणी मिळते. एक किराणा दुकानात, डब्यातली. दुसरी विशाखा फोटो स्टुडिओत, कॉम्प्युटरमधली. दुसरीचा खप जास्त आहे. हैदराबाद-नागपूर रस्त्यावर, धाब्यांच्या रांगेत, टायरच्या दुकानाला खेटून हा स्टुडिओ उभा आहे, आणि त्याच्याच मागे घर. त्याचा मालक, फोटोग्राफर आणि झाडूवाला हे तिन्ही एकच, संघपाल वाठोरे. कुणी पासपोर्टचा फोटो काढायला येवो नाही तर लग्नाच्या बायोडाट्याचा, त्याची रीत ठरलेली. स्टुलावर बसवायचं, समोरून तोंडावर फ्लॅश मारायचा आणि मग कॉम्प्युटरवर चेहऱ्यावरून माउस फिरवायचा. माणूस जन्मात कधी उन्हात गेलाच नाही असा गोरा होऊन बाहेर येतो. दिवसभर कापूस वेचून करपलेल्या बायका आपला फोटो बघतात, लाजतात आणि खूश होऊन घरी जातात. या करामतीला ‘वाठोऱ्याची पावडर’ हे नाव गावानंच ठेवलं. संघपालला त्याचा राग नव्हता. गिऱ्हाईक दारातूनच “पावडर जरा जास्त मारा हो” म्हणालं की तो हसून मान डोलवायचा.

असल्या माणसानं स्वतःच्या मुलीचा फोटो स्थळाकडे कसा पाठवला असेल, हे सांगायला ज्योतिषी नको.

दीक्षा त्याची एकुलती एक मुलगी. गावातल्याच एका खासगी शाळेत गणित शिकवते. रंगानं चांगली काळी. सावळी, गव्हाळ असले गोड शब्द तिच्यासाठी लोक वापरतात, पण ती स्वतः वापरत नाही. भैंशाहून तिला स्थळ आलं होतं. मुलगा हर्षदीप तिकडच्या एका शाळेत क्लर्क होता. आई ताराबाई, आणि घरात दुसरं कुणी नाही. एका संध्याकाळी ताराबाईंचा फोन आला. संघपालला ऐकायला जरा कमी येतं म्हणून तो फोन नेहमी स्पीकरवर टाकतो, आणि तिथंच घात झाला.

“पोरगी चांगली उजळ हाय हो तुमची,” ताराबाई म्हणाल्या. “आमाले फोटो पसंत पडला. येत्या रविवारी येऊन राह्यलो.”

दीक्षा शाळेतून येऊन मोरीवर पाय धूत होती. तिच्या हातातला तांब्या तसाच राहिला. ‘उजळ’ ऐकून तिला आधी हसू आलं. मग ती ओल्या पायांनीच बापासमोर येऊन उभी राहिली.

“बाबा, कोणता फोटो धाडला तुमी?”

“सगळेच धाडतात तसा. बायोडाट्याले तसाच लागते माय.”

“दाखवा मले.”

त्यानं दाखवला. फोटोतल्या मुलीचं नाक दीक्षाचं होतं, केस दीक्षाचे होते, साडीही दीक्षाचीच होती. दीक्षानं मोबाइल जवळ धरून बघितला, लांब धरून बघितला.

“हे कोण हाय?” तिनं विचारलं.

संघपालनं मोबाइल परत घ्यायला हात पुढं केला, पण तिनं तो दिला नाही.

“रविवारी मी चहा घेऊन भाईर येणार, अन् ते लोक एकमेकायच्या तोंडाकडं पाहतीन. त्या पाहण्याचं मी काय करू, बाबा? पावडर तुमी लावता. तोंड मले दाखवा लागते.” तिचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर संघपालला बरं वाटलं असतं. “रविवारच्या आधी त्यायले माहा खरा फोटो धाडा. नाई तं मी भाईर येणार नाई. सकाळच्या बशीनं आत्याकडं तामसीले निघून जाईन.”

ही पोकळ धमकी नव्हती. ही मुलगी बोलते कमी आणि करते जास्त, हे बापाइतकं कुणाला माहीत असणार? दारात पाहुणे आणि घरात मुलगी नाही, हे चित्र डोळ्यांसमोर येताच संघपालच्या तोंडचं पाणी पळालं. पण त्याहूनही एक गोष्ट त्याला खुपली. फोटो बघताना तिनं त्याच्याकडे जसं बघितलं, तसं तिनं आजवर कधी बघितलं नव्हतं. वजनात मारणाऱ्या दुकानदाराकडे आपण बघतो ना, तसं.

“बस मंग स्टुलावर,” तो म्हणाला. “आत्ताच काढतो.”

त्याला वाटलं, यात काय अवघड आहे? पावडर लावायची नाही, एवढंच ना! त्यानं समोरून फ्लॅश मारला आणि फोटो पडद्यावर घेतला. माउसला हात लावला नाही. पडद्यावर कपाळ आणि नाकाचा शेंडा तेल लावल्यासारखा चकाकत होता आणि बाकी सगळा एक सपाट काळा डाग. डोळे तेवढे दचकलेले. त्यानं फ्लॅश कमी केला, तेव्हा डाग वाढला. वाढवला, तेव्हा चेहऱ्यावर राख फासल्यासारखी दिसली. पुन्हा काढला, पुन्हा काढला. थंडीच्या दिवसांत त्याला घाम फुटला.

दीक्षा मागे येऊन उभी होती हे त्याला कळलंच नाही.

“मी अशी दिसते?” तिनं हळूच विचारलं.

आता चूक दुहेरी झाली. गोरी केली तेव्हा ती चिडली होती. आता ती दुखावली. पदर खांद्यावर ओढून ती घरात गेली आणि त्या दिवशी बापलेकीचं जेवण मुक्यानंच झालं.

संघपाल पडद्यासमोर बसून राहिला. आयुष्य या धंद्यात गेलं आणि त्याला आज कळत होतं, की काळ्या माणसाचा फोटो आपल्याला काढताच येत नाही. कधी काढलाच नाही. वाईट फोटो काढायचा आणि पावडर मारून झाकायचा, एवढाच आपला धंदा. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

आणि हे त्याला पहिल्यांदाच कळलं असंही नाही. घरात भिंतीवर, बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींशेजारी, त्याच्या बायकोचा फोटो होता. जिच्या नावानं स्टुडिओ, तीच विशाखा. निळं बॅकग्राउंड आणि त्यावर नितळ, गोरीपान बाई. दीक्षा अगदी लहान असताना ती तापानं गेली. त्यानंतर संघपाल गाव सोडून इचोड्याला आला, त्यामुळे इथं तिला कुणी बघितलेलं नव्हतं. शेजारणी फोटोकडे बघायच्या, मग पोरीकडे बघायच्या आणि म्हणायच्या, “आईवर नाही गेली गं. आई किती गोरी होती.” दीक्षा हे ऐकतच मोठी झाली.

खरी गोष्ट अशी, की विशाखा दीक्षाइतकीच काळी होती.

लग्नाच्या फोटोत तिचे फक्त दात आणि डोळे आले होते, आणि सासरचे लोक ते बघून पोट धरून हसले होते. तेव्हापासून कॅमेरा दिसला की ती तोंड लपवायची. “मले नोका घेऊ, मी डांबरावानी येते,” म्हणायची. संघपालनं तिला शब्द दिला होता, की तुझा एक झकास फोटो काढून देईन. तो काढायच्या आधीच ती गेली. पुढं स्टुडिओत कॉम्प्युटर आला तेव्हा त्यानं त्यात पहिला चेहरा घातला तो बायकोचा. पावडरीचा पहिला हात तिच्यावर बसला. शब्द पाळल्यासारखं वाटून तो त्या दिवशी रडला होता. संघपालची थोरली बहीण गयाबाई, जिनं इथं राहून दीक्षाला वाढवलं आणि जी आता तामसीला असते, ती पोरीला अनेकदा सांगायची, “तुही माय तुह्यावानीच होती गं.” पण आत्या आपली समजूत घालते आहे असंच दीक्षाला वाटायचं. माणूस खोटं बोलेल, फोटो कसा बोलेल?

दुसऱ्या दिवशी चर्चमधून फादरचा फोन आला, तोही कटकटीचाच.

इचोड्याबाहेर, सागाचं रान सुरू होतं तिथं एक छोटं जुनं चर्च आहे. फादर मूळचे केरळचे. तेलुगू झकास बोलतात आणि हिंदी आपल्या मनानं बोलतात. नव्या वर्षाच्या कॅलेंडरसाठी चर्चमधल्या भिंतीवरच्या चित्राचा फोटो काढायचं काम त्यांनी संघपालला दिलं होतं. संघपालनं भर दुपारी जाऊन, फ्लॅश मारून फोटो काढला होता आणि नमुना पाठवून दिला होता. फादरनी त्याला लगेच बोलावून घेतलं.

“संघपालजी,” नमुना त्याच्या हातात देत फादर म्हणाले, “ये हमारा माता नहीं है. ये कौन है?”

दोन दिवसांत तोच प्रश्न दुसऱ्यांदा. संघपालनं नमुना बघितला आणि त्याला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. सवयीनं, अगदी विचार न करता, त्यानं मेरीमातेलाही पावडर मारली होती. देवाची आईसुद्धा त्याच्या तावडीतून सुटली नव्हती.

चर्चमधली माता काळी होती. फार वर्षांपूर्वी जिल्ह्यातल्याच कुण्या दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरनं वेदीमागच्या भिंतीवर ती काढली होती. त्यानं आयुष्यात जे बघितलं तेच काढलं. मातेनं पदर खोचलेला, मनगटभर हिरव्या बांगड्या आणि बाळ मांडीवर नाही तर कडेवर. मागं फुटलेल्या कापसाचं शेत, आणि त्यापलीकडे सागाचे डोंगर.

“मैं नया आया तो मेरे को भी लगा, इतना काला काहे को बनाया,” फादर म्हणाले. “फिर एक दिन शाम को इधर बैठा. आप भी बैठो.”

“मुझे घर में काम है, फादर. रविवार को मेहमान...”

“बैठो,” फादर म्हणाले आणि स्वतः निघून गेले.

संघपाल चरफडत बाकावर बसला. रविवार डोक्यावर आला होता, मुलगी घरात बोलत नव्हती, आणि आपण इथं भिंतीकडे तोंड करून बसलोय! पश्चिमेच्या भिंतीला रंगीत काचांची एक खिडकी होती. काही काचा फुटून त्या जागी साध्या बसवलेल्या. सूर्य खाली आला तशी एका साध्या काचेतून उन्हाची तिरपी पट्टी भिंतीवर पडली आणि सरकत सरकत मातेच्या गालापाशी आली.

संघपाल बाकावरून उठून पुढं गेला.

आधीच्या खेपेला दुपारी फ्लॅशमध्ये जो एकसारखा काळा दिसला होता, तो रंग मुळात काळा नव्हताच. गालाच्या उंचवट्यावर तांबूस होता, आंब्याच्या कोवळ्या पानासारखा. हनुवटीखाली निळसर. कपाळावर जुन्या तांब्याच्या भांड्यासारखा. पेंटरनं त्या चेहऱ्यात काळा रंग कुठंच वापरला नव्हता. बाजूनं उजेड पडला आणि चेहऱ्याला खोली आली, कष्ट आले, माया आली. समोरून पडला तेव्हा यातलं काहीच दिसलं नव्हतं. त्याला स्वतःची चीड आली, कारण हे त्याला माहीत होतं.

हो, माहीत होतं. संघपालला एक खोड होती, जी त्यानं कुणाला सांगितली नव्हती. लग्नाच्या ऑर्डरीला जाता-येता तो स्कूटर थांबवून भलतेच फोटो काढायचा. किडीनं चाळण केलेलं सागाचं पान, कधी सूर्याकडे धरलेलं, कधी ढगाळ उजेडात. कापसाच्या बोंडावरचं दव. आणि सगळ्यात जास्त फोटो नांगरलेल्या काळ्या मातीचे. सकाळी नाही तर सांजेला, ऊन आडवं असतानाच तो ते काढायचा. मग प्रत्येक ढेकळाची एक बाजू सोन्यासारखी उजळते आणि दुसरी निळ्या सावलीत जाते. त्या मातीवर त्यानं कधी फ्लॅश मारला नव्हता. कधी पावडर लावली नव्हती. काळी माती काळीच सुंदर दिसते हे ज्याला कळत होतं, त्यालाच घरातली पोर गोरी करावीशी वाटली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा.

घरी येऊन तो दीक्षाला म्हणाला, “शनिवारी शाळा सुटल्यावर माह्यासंगं चर्चात चाल. एक डाव मले काढू दे.”

“अन् तोबी खराब आला तं?”

“तं तू तामसीले जाय. मी तुले अडवणार नाई.”

तिनं तपासत असलेली वही मिटली. मग म्हणाली, “बरं.”

शनिवारी दुपारपासूनच आभाळ भरून आलं. हिवाळ्यात आमच्याकडे असं मळभ कधी कधी धरतं आणि दोन दोन दिवस हलत नाही. संघपालनं स्कूटर काढली तेव्हा त्याचा चेहरा त्या आभाळासारखाच झाला होता. चर्चमध्ये पोचले तर आत नुसता अंधार. पश्चिमेची खिडकी मेल्यासारखी. त्यानं दीक्षाला खिडकीजवळ बसवलं आणि दोघं वाट बघत राहिले. फादर एकदा येऊन डोकावले आणि परत गेले. घड्याळ पुढं जात होतं. संध्याकाळच्या प्रार्थनेची माणसं थोड्याच वेळात येऊ लागणार होती.

दीक्षा वेदीमागच्या चित्राकडे बघत बसली होती. “हे माय आपल्या इकडची दिसते,” ती एकदा म्हणाली. संघपालचे डोळे खिडकीवर लागले होते. ऊन येईना.

“चला बाबा,” शेवटी ती उठली. “उजेड नाई. राहू द्या. मी उद्या सकाळी जाते.”

तिनं चप्पल घालायला चर्चचं मोठं दार उघडलं. बाहेरचा ढगाळ, पांढुरका उजेड तिच्या एका बाजूवर पडला, आणि संघपाल थबकला. चर्चमधल्या त्या संध्याकाळपासून तो उन्हाच्या मागं लागला होता. आणि सागाच्या पानाचा त्याचा सगळ्यात चांगला फोटो कधी आला होता? अशाच मळभात. ढगाळ उजेड कुणाच्या डोळ्यांत टोचत नाही, कुणाच्या कपाळावर चकाकत नाही.

“हालू नोको,” तो म्हणाला. “तिथंच बस. उंबऱ्यावर.”

“अशीच?”

“अशीच. मागं अंधार राहू दे. माह्याकडं नोको पाहू, रानाकडं पाह्य.”

तो तिच्या बाजूनं बाहेर ओट्यावर गेला आणि कॅमेऱ्यावरचा फ्लॅश काढून त्यानं तिथल्या बाकावर ठेवला. इतक्या वर्षांत फ्लॅशशिवाय माणसाचा फोटो काढायची वेळ त्याच्यावर फारशी आली नव्हती. एवढ्या कमी उजेडात हात जरा हलला तरी फोटो हललेलाच येणार. त्यानं बाकाच्या पाठीवर कोपर टेकवलं, श्वास रोखला आणि बटण दाबलं. फाटकातून बायका आत येताना दिसल्या. त्यानं पुन्हा दाबलं. बायका ओट्यापर्यंत आल्या आणि दीक्षा त्यांना वाट द्यायला उठली. संपलं. आता जे आलं असेल ते.

कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या पडद्यावर त्यानं फोटो बघितला. पडद्यावर विशाखा होती. तीच गालाची हाडं, हसू दाबताना ओठांचा तोच कोपरा, आणि तोच रंग. इतक्या वर्षांत तो तिचा रंग विसरला होता. त्यानंच पुसला होता ना!

“आला नाई का चांगला?” दीक्षानं भीत भीत विचारलं.

त्यानं कॅमेरा तिच्या हातात दिला. तिनं बघितलं. बराच वेळ बघितलं. प्रार्थनेचं पहिलं गाणं सुरू झालं तरी ती तशीच उभी होती. मग डोळे पुसून तिनं कॅमेरा परत दिला.

“धाडा हा,” ती म्हणाली.

घरी पोचताच संघपालनं फोटो ताराबाईंना पाठवला. खाली एकच ओळ लिहिली, की पोरीचा खरा फोटो हा आहे. थोड्या वेळानं दोन निळ्या खुणा उमटल्या. म्हणजे बघितला. मग काहीच आलं नाही. होय नाही, नको नाही. बापलेक जेवायला बसले तरी मोबाइल दोघांच्या मधे, भाकरीच्या टोपल्याशेजारी. दोघंही तिकडे न बघितल्यासारखं करून बघत होते. एकदा तो वाजला, आणि दोघांचेही घास हातात राहिले. कुण्या गिऱ्हाइकाचा निरोप होता. पावडर जास्त मारा म्हणून.

जेवण झाल्यावर संघपाल स्टुडिओत गेला आणि कपाटातून निगेटिव्हचा जुना डबा काढला. विशाखाची एक निगेटिव्ह त्यानं जपून ठेवली होती. एकदा फ्लॅशचे सेल संपले होते म्हणून अंगणात, कडुनिंबाच्या सावलीत तशीच काढलेली. तेव्हा छापलेला फोटो त्याला काळाकुट्ट वाटला होता. याच निगेटिव्हवरून त्यानं पुढं ती निळ्या बॅकग्राउंडची गोरी बाई तयार केली होती. त्यानं मोबाइलच्या पांढऱ्या पडद्यावर निगेटिव्ह ठेवली, वरून फोटो घेतला आणि कॉम्प्युटरवर त्याचे रंग उलटे करून बघितला. मग माउस बाजूला सारला आणि आहे तसाच छापला.

रविवारी सकाळी दीक्षानं पिशवी भरली नाही, पण नवी साडीही काढली नाही. ताराबाईंचा अजून निरोप नव्हता. येणार की नाही, तेही कळेना. दीक्षा स्वयंपाकघरात असताना संघपालनं भिंतीवरचा जुना फोटो उतरवला आणि त्याच खिळ्याला नवा टांगला. हार घातला नाही. हात पुसून मागं वळतो तोच दारात रिक्षा थांबली.

“जयभीम,” ताराबाई म्हणाल्या. त्यांच्या मागून हर्षदीप आला. उंच, गप्प मुलगा. दोघं बसली. ताराबाईंनी पाण्याचा पेला हातात घेतला, पण प्यायल्या नाहीत.

“दोन फोटो आले आमाले,” त्या म्हणाल्या. “कोणता खरा ते पाहाले आलो.”

बोलताना त्या हसल्या नव्हत्या.

“दुसरा,” संघपाल म्हणाला.

“मंग पयला कायले धाडला होता?”

या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर असतं तर एवढं रामायण झालंच नसतं. तो तोंड उघडणार तेवढ्यात चहाचा ट्रे घेऊन दीक्षा बाहेर आली. अंगावर कालचीच साडी होती, तोंडावर काही लावलेलं नव्हतं. ज्या क्षणाची तिला इतके दिवस धास्ती होती तो आलाच. ताराबाईंनी तिच्याकडे बघितलं. मग नजर उचलून भिंतीकडे बघितलं. पुन्हा तिच्याकडे. दीक्षानं ते बघणं ओळखलं आणि तिची मान खाली गेली.

“आईवर गेली हो पोरगी,” ताराबाई म्हणाल्या. “हुबेहूब.”

दीक्षाला वाटलं, बाई टोमणा मारते आहे. जन्मात कुणी तिला हे म्हटलं नव्हतं. तिनं मान वर केली, ताराबाई जिकडे बघत होत्या तिकडे बघितलं, आणि तिथंच थांबली. भिंतीवर कडुनिंबाखाली एक काळी बाई सूप हातात घेऊन बसली होती. तोंड लपवायला एक हात उचललेला, पण हसू आधीच फुटलेलं. दीक्षाच्या हातातला ट्रे तिरका झाला. हर्षदीप उठला, त्यानं तिच्या हातातला ट्रे घेतला आणि खाली ठेवला.

दीक्षा भिंतीजवळ गेली. फोटोतल्या बाईच्या उचललेल्या हाताजवळ तिनं आपला हात नेला. दोन्ही हात एकाच रंगाचे होते.

“आत्या खरं सांगत होती,” ती म्हणाली. मग ती वळली. पाहुणे बसले आहेत हे ती विसरली असावी, किंवा आठवूनही तिला पर्वा नसावी. “मंग तो दुसरा काऊन लावला होता, बाबा? इतके वर्स?”

ताराबाईंचा प्रश्न आणि हिचा प्रश्न एकच होता. संघपालनं दोघींकडे बघितलं, मग विशाखाकडे.

“मले फोटो काढता येत नोता, माय,” तो म्हणाला.

दीक्षा भिंतीपाशी उभी राहिली आणि तिचा हात तसाच फोटोजवळ राहिला. चहावर साय धरायला लागली होती, पण ताराबाईंनी कुणालाच घाई केली नाही.